प्री-मेडची स्वयंसेवा : बारा ठिकाणी की एका ठिकाणी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या घरांत एक वाद हमखास कानावर येतो. मुलगी ‘प्री-मेड’ आहे, डॉक्टर व्हायचे आहे, गुण चांगले आहेत; मग तिने स्वयंसेवा दहा ठिकाणी थोडी थोडी करावी की एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे? इकडच्या आजी-आजोबांना नि काका-मामांना हा प्रश्नच विचित्र वाटतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे ‘नीट’च्या ७२० पैकी किती गुण पडले यावर सगळे ठरते. रक्तदान शिबिरात सरबत वाटले काय नि न वाटले काय, गुणवत्ता यादीत नाव एका जागेनेही सरकत नाही.

तिकडची वाट वेगळी आहे. बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालय, असे सहसा नसते. आधी चार वर्षांची पदवी, कोणत्याही विषयातली, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करून. मग ४७२ ते ५२८ गुणांच्या पट्टीवर मोजली जाणारी ‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा. आणि मग अर्ज. ‘प्री-मेड’ नावाची पदवी नसते, या वाटेवर असलेल्या विद्यार्थ्याला तसे म्हणतात इतकेच. गुणांमुळे अर्ज वाचला जातो. पुढे मुलाखतीला बोलवायचे की नाही, हे ठरवताना तो विद्यार्थी आजारी आणि अडचणीतल्या माणसांजवळ किती काळ, कसा राहिला हे बघितले जाते. या दुसऱ्या भागाबद्दल आपल्या लोकांत गैरसमज फार आहेत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी अर्जाकडेच पाहू, कारण निम्मे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. बहुतेक एम.डी. महाविद्यालयांसाठी (तिथे एम.डी. ही डॉक्टरची पहिलीच पदवी) ‘ॲमकॅस’ हा सामाईक अर्ज भरावा लागतो. तो तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना चालवते. त्यात कामे आणि उपक्रम यांच्यासाठी जास्तीत जास्त १५ जागा असतात. प्रत्येक जागेत कामाचा प्रकार, सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा, तास, पडताळणीसाठी एका माणसाचे नाव-संपर्क आणि ७०० अक्षरांत वर्णन. मधल्या मोकळ्या जागाही अक्षरांत धरतात, म्हणजे जेमतेम शंभर-सव्वाशे इंग्रजी शब्द. या पंधरांतली तीन कामे ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्या प्रत्येकासाठी आणखी १३२५ अक्षरे मिळतात. तीन शनिवार जाऊन आलेल्या जागेबद्दल १३२५ अक्षरे लिहायला बसा. पाचव्या ओळीला पाणी घालावे लागते, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

शिवाय पंधरा घरे आहेत म्हणून पंधराही भरलीच पाहिजेत, असे कोणी सांगितलेले नाही. पण पत्रिकेतले रिकामे घर आपल्याला बघवत नाही ना! मग एका दिवसाची मॅरेथॉन, दोन तासांचे वृक्षारोपण, एका संध्याकाळचा निधी-संकलनाचा कार्यक्रम अशी भरती सुरू होते. यातली किरकोळ कामे एकाच नोंदीत एकत्र लिहिता येतात आणि तसेच लिहावीत. चार चार तासांच्या सहा स्वतंत्र नोंदी दिसल्या, की चांगल्या कामाकडेही तोच संशय वळतो.

आता हिशोब. रुग्णालयात स्वयंसेवक होणे म्हणजे दार उघडून आत जाणे नव्हे. अर्ज, छोटी मुलाखत, पार्श्वभूमीची चौकशी, क्षयरोगाची त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, कावीळ-बी यांच्या लसींचे दाखले, हंगामानुसार फ्लूची लस, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचे म्हणजे १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याचे प्रशिक्षण, मग ओळखपत्र. सगळे सुरळीत झाले तरी कामाची पहिली पाळी मिळेपर्यंत चार ते आठ आठवडे सहज जातात. लसीचे जुने कागद भारतातून मागवायचे असतील तर त्याहून जास्त.

समजा एक सत्र १५ आठवड्यांचे आहे आणि आठवड्याला तीन तासांची एक पाळी आहे. दर सत्राला नवी जागा धरणाऱ्याचे सहा आठवडे कागदपत्रांत गेले, तर हाती उरतात नऊ आठवडे, म्हणजे २७ तास. पाच सत्रांत पाच ठिकाणी मिळून १३५ तास. एकच जागा धरून राहिलेल्याचे पहिल्या सत्रात तेच २७, पण पुढच्या चार सत्रांत प्रत्येकी ४५, एकूण २०७. सुट्टीतले तास यात धरलेलेच नाहीत. मेहनत दोघांची सारखीच, पण एकाचे ७२ तास क्षयरोगाच्या चाचण्यांत आणि ओळखपत्राच्या रांगेत गेले. शिवाय बरीच रुग्णालये सहा महिने किंवा १०० तास राहण्याची हमी आधीच मागतात. ती मोडून निघणाऱ्याला शिफारसपत्र मिळत नाही, आणि ते रास्तच आहे.

तासांपेक्षा मोठे नुकसान दुसरेच आहे. पहिले दोन-तीन महिने स्वयंसेवकाला कोणी महत्त्वाचे काही देत नाही. पांघरुणे गरम करण्याच्या कपाटातून पांघरूण आणा, हातमोज्यांची खोकी भरा, घरी निघालेल्या रुग्णाला चाकाच्या खुर्चीवरून गाडीपर्यंत सोडा. ही खुर्चीसुद्धा शिकावी लागते. रुग्ण बसण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, नाहीतर माणूस त्यांच्यावरच उभा राहतो आणि खुर्ची पुढे कलंडते. लिफ्टमध्ये खुर्ची उलटी, मागची मोठी चाके आधी आत घालायची, कारण पुढची लहान चाके फटीत अडकतात. रुग्णाने पाणी मागितले तरी परिचारिकेला विचारल्याशिवाय द्यायचे नाही. त्याची शस्त्रक्रिया असेल, किंवा गिळण्याचा त्रास असून पाणी श्वासनलिकेत जायची भीती असेल. पडण्याचा धोका असलेल्या रुग्णाला, बहुतेक ठिकाणी त्याच्या मनगटावर पिवळा पट्टा असतो, एकट्याने उठवायचे नाही, तो कितीही गयावया करो. ‘सी. डिफ’ जुलाबाच्या रुग्णाच्या खोलीतून बाहेर आल्यावर हाताला नुसते जंतुनाशक चोळून भागत नाही, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणाने आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात.

हे सगळे अंगवळणी पडले आणि मुलगी पावसापाण्याचीही वेळेवर येते असे परिचारिकांना दिसले, की चौथ्या-पाचव्या महिन्यात कोणीतरी म्हणते, ‘अमक्या खोलीतले आजोबा फार घाबरलेत, जरा त्यांच्याजवळ बसतेस का?’ खरी शिकवणी इथून सुरू होते. मग नव्या स्वयंसेवकांना शिकवायचे काम मिळते, पाळ्यांचे वेळापत्रक हातात येते. ज्याला अर्जात नेतृत्व म्हणतात ते यातूनच येते, त्यासाठी वेगळे अध्यक्षपद शोधावे लागत नाही. दर सत्राला जागा बदलणारा मात्र पाचही वेळा पांघरुणांच्या कपाटापर्यंतच पोहोचतो.

तिथल्या महाविद्यालय-संघटनेने भावी डॉक्टरांकडून अपेक्षित असलेल्या १७ क्षमतांची यादी केली आहे. तिच्यात सेवाभाव आहे, सांस्कृतिक जाण आहे, तशीच विश्वासार्हताही आहे. पहिल्या दोन गोष्टी निबंधात रंगवता येतात, विश्वासार्हता मात्र तारखांवरूनच कळते. सुरुवात सप्टेंबर, शेवट दोन-अडीच वर्षांनी, आठवड्याला तीन तास : हे वाचायला प्रवेश समितीला दहा सेकंदही लागत नाहीत.

म्हणून विविधता नकोच, असे मात्र नाही. ती कुठे हवी हे उलटे समजले जाते, एवढेच. डॉक्टरांमागे फिरून निरीक्षण करणे, ज्याला ‘शॅडोइंग’ म्हणतात, तिथे विविधता हवी. एकाच हृदयरोगतज्ज्ञाच्या मागे २०० तास फिरून पाहणाऱ्याला पन्नासाव्या तासानंतर नवे फारसे दिसत नाही, कारण तो नुसता बघत असतो. त्याऐवजी एक कुटुंबवैद्य किंवा सामान्य चिकित्सक, एक शस्त्रक्रियेचे क्षेत्र आणि आवडीचे एखादे, असे दोन-तीन डॉक्टर आणि मिळून ४०-५० तास सर्वसाधारणपणे पुरेसे धरतात. कुटुंबवैद्य त्यात असावाच. आपली मुले ओळखीच्या विशेषज्ञांकडेच जातात आणि दवाखान्यातला रोजचा, न संपणारा रक्तदाब-मधुमेह त्यांनी बघितलेलाच नसतो. संशोधनाला नियम पुन्हा दीर्घ मुक्कामाचा. प्रयोगशाळेत पहिले सत्र तंत्र शिकण्यात जाते. एका सत्रात निघून गेलेल्यावर प्राध्यापकाचा वेळच खर्च झालेला असतो.

स्वयंसेवेतही दोन प्रकार हवेत : एक रुग्णांजवळचा, एक रुग्णालयाबाहेरचा. दुसरा म्हणजे अन्नछत्र, बेघरांचा निवारा, मुलांची शिकवणी, नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबांना मदत. ‘ॲमकॅस’मध्येही वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय स्वयंसेवा हे वेगळे प्रकार आहेत. प्रत्येकी एक जागा, दोन्ही दीर्घकाळ, आणि बाकीची हौस थोडक्यात. मग एकाच निवाऱ्यात दोन वर्षांत व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस भेटतो, नोकरी गेलेली आई भेटते, सैन्यातून परतलेला भेटतो. माणसांची ही विविधता संस्था न बदलताच मिळते.

वेळापत्रक असे बसते. पहिले सत्र फक्त अभ्यासाला. पहिल्याच वर्षी रसायनशास्त्रात गुण घसरले तर पुढे कितीही तास भरा, सरासरी वर यायला दमछाक होते. पहिल्या वर्षाचे दुसरे सत्र चाचपणीचे : लसी, कागदपत्रे, आणि ज्यांना प्रशिक्षण लागत नाही अशा तीन-चार जागी एकेक दिवस. कुठे आपले मन रमते, कोणत्या वासाने मळमळते, कुठल्या प्रकारच्या माणसांशी बोलताना शब्द सुचत नाहीत, हे तेव्हाच कळू द्यावे. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत निवड करून दुसऱ्या वर्षाच्या आरंभी दोन्ही कामे सुरू झालेली असावीत. रुग्णांजवळ आठवड्याला तीन तास, बाहेर दोन तास; यापेक्षा जास्त घेऊ नये. वर्षाचे ४० आठवडे धरले तर १२० आणि ८०. परीक्षेच्या दोन आठवड्यांची रजा समन्वयकाला सत्राच्या सुरुवातीलाच लिहून कळवावी. आदल्या रात्री संदेश टाकून गैरहजर राहणाऱ्यांची त्या कचेरीत आपोआप यादी तयार होते.

एमकॅटच्या तीन महिन्यांत बहुतेक मुले स्वयंसेवा पूर्ण बंद करतात. ते टाळावे. आधी विचारून पाळी पंधरवड्याला एक करून घ्यावी. तारखांची साखळीही तुटत नाही आणि, हे कमी महत्त्वाचे नाही, दिवसभर प्रश्नसंच सोडवणाऱ्या पोराला आपण हे कशासाठी करतो आहोत याची आठवण राहते.

थेट चार वर्षांनंतर प्रवेश हवा असेल तर अर्ज तिसऱ्या वर्षानंतरच्या मे-जूनमध्ये जातो. म्हणजे महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासून ३३-३४ महिनेच हातात असतात. चौथ्या वर्षी करायच्या म्हणून राखून ठेवलेल्या गोष्टी अर्जात फक्त ‘अपेक्षित तास’ म्हणून दाखवता येतात. ते तास झालेल्या तासांपासून वेगळे लिहावे लागतात, आणि मुलाखतीत त्यांचे पुढे काय झाले हे विचारतात. जूनमध्ये अर्ज पाठवून जुलैत काम सोडणारे इथेच सापडतात. आज अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात शिरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर एक-दोन वर्षे थांबून आलेले असतात. ‘वर्ष वाया गेले’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोग तिथे लागू पडत नाही, हे पालकांनी मनाला समजावलेले बरे.

जागा निवडताना नाव बघू नये, अंतर बघावे. विद्यापीठाला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात प्री-मेड मुलांचीच गर्दी असते. एका पाळीला चार स्वयंसेवक आणि काम एकाचे. वसतिगृहापासून चालत किंवा एका बसने वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येईल ती लहान जागा परवडली. जिथे दोन बस बदलाव्या लागतात तिथे जाणे थंडीत तिसऱ्या महिन्यातच बंद पडते. समन्वयकाला आधीच विचारावे : एका पाळीत माझे किती मिनिटे रुग्णांशी बोलणे होईल? सहा महिन्यांनी स्वयंसेवकाचे काम बदलते का? तासांची नोंद कोण ठेवते? उन्हाळ्यात घरी गेल्यावर जागा राखून ठेवता का? यातल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले, तर ते काम बहुधा भेटवस्तूंच्या दुकानाचे किंवा स्वागतकक्षाचे निघते. कामात कमीपणा नाही. रुग्णाजवळचे काम म्हणून ते दाखवता येत नाही.

अनेकांच्या लक्षात न येणारा एक पर्याय म्हणजे हॉस्पिस, अखेरच्या काळातल्या रुग्णांची सेवा. सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरल्याचा डॉक्टरांचा अंदाज असलेले हे रुग्ण असतात, आणि सेवा बरेचदा त्यांच्या घरीच दिली जाते. ‘मेडिकेअर’ या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिस संस्थेला पगारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के इतके काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावेच लागते. त्यामुळे त्यांना माणसे कायम हवी असतात आणि रुग्णालयापेक्षा तिथे शिरकाव सोपा असतो. काम काय? शेजारी बसणे, वाचून दाखवणे, ऐकणे, रात्रंदिवस जागणाऱ्या मुलीला किंवा पत्नीला दोन तास बाहेर जाऊन येता यावे म्हणून थांबणे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर बऱ्याच संस्था वर्षभर थांबायला सांगतात. तो नकार अपमान म्हणून घेऊ नये. हे काम मात्र अधूनमधून करायचे नव्हेच. आठवड्याने येतो म्हणून गेलेला स्वयंसेवक पुन्हा आलाच नाही, हे वाट बघणाऱ्या माणसाच्या वाट्याला येऊ नये.

पगाराचे काम चालेल का, असेही विचारतात. चालते, उलट उत्तम. परिचारिका-साहाय्यकाच्या कामाला केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते, काही राज्यांत त्याहून बरेच जास्त. रुग्णवाहिकेवरच्या प्राथमिक तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम साधारण १५० तासांच्या आसपास. पहिल्या कामात अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे, बेडपॅन उचलणे असते. आपल्या घरांतून इथेच विरोध होतो : ‘डॉक्टर व्हायला पाठवले, हे करायला नव्हे.’ रुग्णाच्या शरीराशी इतकी जवळीक पुढे डॉक्टर झाल्यावरही सहसा मिळत नाही. समितीतल्या लोकांना त्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. कष्टाचे आणि पैशाचे काम करावे लागते म्हणून स्वयंसेवेला वेळ उरत नाही, हीसुद्धा अर्जात सरळ लिहायची गोष्ट आहे, लपवायची नव्हे.

मोबाइलवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवांचे काय? ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’सारखी संस्था प्रशिक्षण देऊन २०० तासांची हमी मागते. घरबसल्या होते, रात्रीही करता येते आणि ऐकण्याची कला शिकवते. पण तेवढ्यावर भागवू नये. समोरच्या माणसाचा चेहरा, श्वास, थरथर तिथे दिसत नाही.

मराठी मंडळात गणपतीच्या स्वयंपाकाला मदत, तिथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या मराठी शाळेत रविवारी लहान मुलांना बाराखडी शिकवणे, हे धरायचे का? जरूर धरायचे. शाळेत तीन वर्षे शिकवले असेल तर ते चांगले दीर्घकालीन काम आहे. मात्र अर्जातली सगळीच सेवा आपल्याच भाषेच्या, आपल्याच आर्थिक पातळीच्या लोकांमध्ये झालेली असेल, तर ‘आपल्यापेक्षा निराळ्या माणसासमोर ही व्यक्ती कशी वागते?’ हा प्रश्न उरतो. एक काम ओळखीच्या वर्तुळाबाहेरचे असलेच पाहिजे.

याउलट सतरा-अठराव्या वर्षी स्वतःची स्वयंसेवी संस्था काढण्याचे खूळ. संस्थापक म्हणून नाव लागते, चुलतभाऊ खजिनदार, संकेतस्थळ देखणे, आणि लाभार्थी कोण हे विचारले की शांतता. अशा संस्थांचे आयुष्य प्रवेशपत्र येईपर्यंतच असते, हे समित्यांना पाठ झालेले आहे. शहरात तेच काम करणारी वीस वर्षांची संस्था असेल, तर तिच्या गोदामात डबे लावायला जाणे अधिक उपयोगाचे.

दीर्घकाळ थांबण्याचा सल्ला म्हणजे नको तिथे कुजत राहा, असाही अर्थ नाही. तीन महिन्यांनंतरही रुग्णाशी बोलणे होत नसेल आणि विचारूनही काम बदलत नसेल, प्रशिक्षण न देता न झेपणारे काम सांगितले जात असेल, किंवा सुरक्षितता नसेल, तर निघावे. निघण्याची रीत असते. किमान दोन ते चार आठवड्यांची लेखी सूचना, ओळखपत्र परत, एकूण तासांचे पत्र हातात, समन्वयकाचा ई-मेल लिहून घेतलेला. एकदा जागा बदलली म्हणून काही बिघडत नाही. चारदा बदलली तर कारण आपल्यात आहे का, हे बघावे.

एक धोका मराठी-हिंदी बोलणाऱ्या मुलांना विशेष आहे. रुग्णालयात एखादी इंग्रजी न येणारी आजी येते आणि घाईत असलेला कर्मचारी स्वयंसेविकेला म्हणतो, ‘तुला भाषा येते ना, जरा सांग त्यांना.’ पाणी हवे का, थंडी वाजते का, इथपर्यंत ठीक. औषध, निदान, संमतीपत्र यांचे भाषांतर करायचे नाही. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ प्रमाणे त्यासाठी पात्र दुभाषा देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. घरात बोलली जाणारी मराठी आणि वैद्यकीय मराठी यांत अंतर असते. ‘चक्कर’, ‘भोवळ’, ‘अंधारी’ आणि ‘गरगरणे’ यांतला फरक डॉक्टरला नेमका पोहोचला नाही तर तपासणीच बदलते. आवड असेल तर वैद्यकीय दुभाष्याचे किमान ४० तासांचे प्रशिक्षण घेता येते, आणि मग तेच एक सुंदर दीर्घकालीन काम होते.

नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. तारीख, तास, काम, आणि त्या दिवशी लक्षात राहिलेली एक गोष्ट दोन ओळींत. रुग्णाचे नाव, खोली क्रमांक किंवा छायाचित्र कधीही नाही, तो थेट गोपनीयतेचा भंग ठरतो. संस्थेवर विसंबू नये, कारण समन्वयक बदलतात, संगणकप्रणाली बदलते, जुने तास हरवतात. दर सत्राच्या शेवटी आकडा ई-मेलने कळवून होकार घ्यावा. प्रवास आणि जेवणाची सुट्टी तासांत धरू नये. एकच काम दोन प्रकारांत दोनदा लिहू नये. आकडा फुगवला तर दिलेल्या संपर्काला फोन जाऊ शकतो. ‘ॲमकॅस’मध्ये दहापर्यंत शिफारसपत्रे जोडता येतात, दोन वर्षे पाहिलेल्या समन्वयकाचे पत्र त्यात असले तर त्याचे वजन पडते, पण ते निघण्याच्या वेळी नव्हे, आधी दोन महिने मागावे.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते फुकट केले तरी ते अनधिकृत नोकरी ठरू शकते, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी विचारून घ्यावे. आणि बरीच वैद्यकीय महाविद्यालये, विशेषतः सरकारी, परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. स्वयंसेवेची आखणी करण्याआधी ही यादी बघावी.

शेवटचा मुद्दा इथल्या डॉक्टर मंडळींसाठी आहे, आणि हे पत्र मराठी दैनिकाला लिहिण्याचे मुख्य कारणही तेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची-पुतणे येतात आणि मामाच्या रुग्णालयात चार आठवडे ‘अनुभव’ घेतात. कौतुकाने कोणी टाका घालू देते, कोणी इंजेक्शन देऊ देते, आणि जाताना ‘५० शस्त्रक्रियांत साहाय्य केले’ असे प्रमाणपत्र मिळते. हा कागद त्या मुलाचे नुकसान करतो. महाविद्यालय-संघटनेने परदेशातल्या अशा अनुभवांबाबत २०११ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यांचा रोख स्पष्ट आहे : प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने जे घरी करू नये, ते परक्या देशातल्या गरीब रुग्णावरही करू नये. आपल्याकडेही २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणी नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. रुग्णाची संमती हा त्याहून आधीचा प्रश्न.

त्यापेक्षा मुलांना बाह्यरुग्ण विभागात कोपऱ्यात बसवा, रुग्णाला ‘ही विद्यार्थिनी आहे, बसली तर चालेल का?’ असे विचारून. केसपेपरच्या रांगेत, औषधाच्या खिडकीशी, लसीकरणाच्या दिवशी नेऊन उभे करा. आणि पत्र द्यायचे असेल तर खरे द्या : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्याला इतके दिवस, एकूण इतके तास, केवळ निरीक्षण, रुग्णावर कोणतीही प्रक्रिया केली नाही. खाली नाव, नोंदणी क्रमांक, नाते असल्यास तेही. हे चार ओळींचे पत्र अर्जात शॅडोइंगच्या एका नोंदीत, इतर डॉक्टरांच्या नावांशेजारी व्यवस्थित बसते.

आपला विश्वासू,
एक वाचक